भिवंडी, 'तमस' आणि वनराज भाटिया

यंत्रमागांचा इतिहास आम्ही भिवंडीकर भरभरून सांगतो. मे १९७० चा विषय निघाला की आवाज खाली येतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी, ७ मेला, दंगल पेटली. पुढे न्यायमूर्ती मादन आयोगानं तिची चौकशी केली. दंगलीनंतर भीष्म साहनी भाऊ बलराज यांच्याबरोबर इथं आले. उद्ध्वस्त गल्ल्यांतून फिरताना त्यांना १९४७ ची रावळपिंडी आठवली आणि 'तमस' लिहायला सुरुवात झाली. या कादंबरीवर आमच्या गावाचा हक्क आहे असं मी मानतो.

'तमस'वरची गोविंद निहलानींची मालिका १९८८ ला दूरदर्शनवर लागली. भिवंडीतल्याच १९८४ च्या दंगलीला तेव्हा चारच वर्षं झाली होती. शीर्षकसंगीतातला टाहो उठला की आई टीव्हीचा आवाज बारीक करायची. प्रक्षेपण थांबवावं म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला होता. न्यायमूर्ती लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रक्षेपणाला परवानगी दिली.

तो टाहो संगीतकार वनराज भाटियांचा. १९२७ साली मुंबईत जन्मलेला हा माणूस लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकला, मग पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे. परतल्यावर जाहिरातींना चाली दिल्या, दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीत शिकवलं, आणि 'अंकुर'पासून श्याम बेनेगलांच्या चित्रपटांना संगीत दिलं. हंसा वाडकरांच्या आत्मकथेवरच्या 'भूमिका'चं संगीतही त्यांचंच.

पाश्चात्त्य पद्धतीनं एकावर एक स्वरावली रचणं त्यांच्या हाडात मुरलेलं होतं, पण सूर इथल्या मातीतले. 'भारत एक खोज' या मालिकेत त्यांनी नासदीय सूक्त वृंदगायनात बांधलं. तुर्कस्तानात संगीतकार अहमद अदनान सायगुन यांनी हेच केलं होतं: १९३६ साली हंगेरियन संगीतकार बार्टोकबरोबर अनातोलियात लोकगीतं गोळा केली आणि पुढे युनुस एम्रे या सूफी कवीच्या पदांवर पाश्चात्त्य घडणीचा ऑरेटोरिओ रचला. दोघांनीही परक्या शिस्तीत स्वतःचंच म्हणणं मांडलं.

तरी माझ्या लेखी भाटियांचं मोठेपण 'तमस'मध्ये आहे. दंगलीच्या प्रसंगांत व्हायोलिनचे लोंढे सोडून रडू काढणं सोपं होतं. त्यांनी हात आखडता घेतला, एका माणसाचा गळा पुढे आणला. तो गळा हिंदूचा की मुसलमानाचा, हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही. या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९७० बद्दल भिवंडीच्या शाळांत शिकवायचं झालं, तर मादन अहवालाबरोबर हे संगीतही मुलांना ऐकवावं, आणि आवाज बारीक न करता.