स्त्रीधनाचें ऋण व पतीची उधळपट्टी

गोदेच्या खोऱ्यांतील जांब हें गांव शके १५३० मध्यें जन्मलेल्या समर्थ रामदासांचें जन्मस्थान म्हणून सर्वांस परिचित आहे. दासबोधाच्या तिसऱ्या दशकांत मुलेंबाळें वाढत जाऊन द्रव्य ओसरलेल्या संसाराचें चित्र त्यांनीं काढिलें आहे. परंतु असा संसार मोडला, आणि द्रव्य दोघांपैकीं एकानेंच उडविलेलें असलें, तर दुसऱ्याच्या पदरांत काय पडावें, हा प्रश्न व्यवहाराचा आहे. त्याचें उत्तर याच खोऱ्याशीं संबंध असलेल्या एका ग्रंथांत सांपडतें. पैठणचे रामेश्वरभट्ट काशीस गेले. त्यांचे पणतू नीलकंठभट्ट हे समर्थांचे समकालीन. त्यांच्या व्यवहारमयूखास पुढें मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत मोठें प्रामाण्य मिळालें.

(१) याज्ञवल्क्याचा नियम असा कीं, दुष्काळांत, धर्मकार्यास, रोगांत किंवा कैदेंत सांपडला असतां पतीनें घेतलेलें स्त्रीधन त्यानें परत केलेंच पाहिजे असें नाहीं. अन्य कारणानें घेतलें असेल तर तें परत केलें पाहिजे, असें मिताक्षरेचें म्हणणें. कात्यायन याहून कडक आहे. बलात्कारानें घेतलेलें स्त्रीधन व्याजासह परत करावें व वर दंड सोसावा. संमतीनें घेतलेलें, सामर्थ्य आल्यावर, मुद्दलापुरतें द्यावें. कात्यायनाची मूळ स्मृति लुप्त झाली आहे. निबंधकारांनीं उद्धृत केलेलीं तिचीं वचनें म. म. काणे यांनीं १९३३ मध्यें एकत्र छापिलीं, म्हणूनच हा नियम आज आपल्या हातीं सलग येतो.

(२) आतां वांट्याकडे वळूं. आज्ञाधारक व दक्ष अशा निर्दोष स्त्रीचा त्याग करणाऱ्याकडून त्याच्या द्रव्याचा तिसरा हिस्सा तिला देववावा, व तो निर्धन असेल तर निदान पोषण देववावें, असें याज्ञवल्क्य सांगतो. हा त्याग म्हणजे विवाहविच्छेद नव्हे, हें खरें; तथापि परस्परद्वेषानें होणारा मोक्ष कौटिल्यास ठाऊक आहे, आणि दख्खनच्या अनेक जातींतील सोडचिठ्ठीची चाल स्टील साहेबानें १८२७ मध्यें नोंदविली आहे.

येथें मुख्य मुद्दा येतो. तिसरा हिस्सा हा उरलेल्या द्रव्याचा. पतीनें शंभर होन उडविले तर त्या शंभरांचा तृतीयांशही त्यांबरोबरच जातो. म्हणजे उधळ्यास आपल्या दोषाचाच लाभ होतो. उलट स्त्रीधन हें ऋण आहे. घर रिकामें झालें म्हणून ऋण बुडत नाहीं. आमच्या मतें उधळपट्टीविरुद्ध शास्त्राची खरी तरतूद या ऋणांत आहे, हिश्शांत नाहीं. पतीचें कर्जही पत्नीवर येत नाहीं; तिनें पत्करलेलें, पतीसह काढलेलें किंवा स्वतः केलेलें तेवढेंच तिनें फेडावें.

(३) उधळपट्टी स्त्रीकडूनही होते. कात्यायन अर्थनाशिका स्त्रीस स्त्रीधनास अपात्र ठरवितो. परंतु पति व्याज व दंड देऊन सुटतो, स्त्री मात्र सर्वस्वास मुकते, आणि तिचा हा दोष व्यभिचाराच्या पंक्तीस बसविला जातो. ही विषमता झांकण्यांत अर्थ नाहीं.

(४) सांप्रतचा कायदा या बाबतींत फारसा पुढें गेलेला नाहीं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याचें २७ वें कलम विवाहाच्या सुमारास मिळालेल्या सामाईक वस्तूंपुरतेंच आहे. संसारांत मिळविलेल्या द्रव्याची वांटणी त्यांत नाहीं. गोमंतकांत पोर्तुगीज अमलापासून चालत आलेली पतिपत्नींच्या समाईक मालमत्तेची पद्धति हा अपवाद. १९८५ मध्यें प्रतिभा राणी खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें पति हा स्त्रीधनाचा केवळ विश्वस्त असल्याचें ठरविलें, तेंही ऋणाच्याच वाटेनें.

ऋण मात्र पुराव्यावांचून उभें राहत नाहीं. दागिन्यांची यादी हरवली कीं स्त्रीचा दावाही हरवतो. म्हणून आमची संग्राहकांस विनंति आहे कीं, दप्तरांतील फारकती, सोडचिठ्ठ्या व लग्नांतील देण्याघेण्याच्या याद्या किरकोळ समजून रद्दींत घालूं नयेत. शास्त्रांत सांगितलेलें ऋण प्रत्यक्ष कोणी फेडलें, आणि कोणीं बुडविलें, हें त्या कागदांवांचून कळणार नाहीं.