पऱ्हाटीचा भाऊबंद

अमरावतीच्या राजापेठेतल्या कुठल्याही किराणा दुकानात चॉकलेट मिळतं. ते ज्या झाडापासून होतं, ते कोकोचं झाड वऱ्हाडात सहसा कुणी पाहिलेलं नसतं. त्याचं गोत मात्र इथल्या शेताशेतांत उभं आहे. कोको हा पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, भाऊबंद.

भेंडी, अंबाडी, जास्वंद, काटेसावर आणि मेळघाटातली पांढऱ्या सालीची कढई, ही सगळी याच गोतावळ्यातली. पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ कोको आणि कढईला वेगळ्या कुळात बसवत. जनुकांचा पुरावा हाती आल्यावर १९९८च्या नव्या वर्गीकरणात ती दोन्ही कपाशीच्या माल्व्हेसी कुळात आली. २०१२ साली दक्षिण अमेरिकेतल्या एका रानटी कपाशीचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा शेजारी ठेवून ताडून पाहायला कोकोचाच जनुकसंच घेतला होता.

कूळ एक असलं तरी दोघांचे स्वभाव दोन टोकांचे. पऱ्हाटीला उघडं रान आणि ऊन हवं. कोको ॲमेझॉनच्या दाट जंगलात, उंच झाडांच्या सावलीत वाढलेला. इक्वाडोरमध्ये त्याच्या वापराच्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या खुणा सापडल्या आहेत. पुढे मध्य अमेरिकेत माया लोक त्याचं फेसाळ पेय पीत आणि ॲझ्टेकांच्या बाजारात त्याच्या बिया नाण्यांसारख्या चालत. स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि १७५३ साली लिनियसनं त्याला ‘देवांचं अन्न’ या अर्थाचं थिओब्रोमा हे नाव दिलं.

कोकोला फुलं येतात ती शेंड्याला नव्हे, थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर. नखाएवढी, फिकट फुलं. त्यांचं परागीभवन करतात ओल्या पालापाचोळ्यात वाढणाऱ्या चिलटांसारख्या बारीक माश्या. शंभर फुलांमागे जेमतेम पाचांची फळं होतात. फळ पिकायला पाच-सहा महिने लागतात आणि आत पांढऱ्या, आंबटगोड गरात तीस-चाळीस बिया असतात. पऱ्हाटीचं बोंड वाळलं की आपसूक फुटतं. कोकोचं फळ पिकलं तरी उलत नाही, गळूनही पडत नाही. माकडानं किंवा खारीनं ते फोडायचं, गर चाखायचा आणि कडू बी टाकून द्यायचं, असा त्याचा रुजण्याचा हिशेब.

भारतात कोको पहिल्यांदा आला तो १७९८ साली. ईस्ट इंडिया कंपनीनं अंबोन बेटावरून आणून तो तमिळनाडूतल्या कुर्ताळमला लावला. व्यापारी लागवड जोमात आली ती १९६५नंतर. त्या वर्षी कॅडबरीनं वायनाडमध्ये प्रात्यक्षिक शेत सुरू केलं. आज केरळ, कर्नाटक, तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशात तो नारळ-सुपारीच्या सावलीत, आंतरपीक म्हणून उभा असतो. त्याला वर्षाकाठी दीड-दोन हजार मिलिमीटर पाऊस आणि बारा महिने दमट हवा लागते. अमरावतीचा पाऊस हजाराच्या आत, मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि उन्हाळ्यातली कोरडी हवा त्याची पानं करपवून टाकेल.

इथं कोको लावायला हवामानानंतरची दुसरी अडचण बियाची. सरकी वाळवून पोत्यात भरली की पुढच्या मृगापर्यंत टिकते. कापूस देशोदेशी पसरला त्यात या टिकाऊ बियाचा मोठा वाटा. कोकोचं बी वाळलं की मेलं. फळातून काढल्यावर थोड्याच दिवसांत त्याची रुजण्याची ताकद जाते. शिवाय चॉकलेटसाठी ते गरासकट पाच-सात दिवस ढिगात आंबवावं लागतं. ढीग आतून ४५ ते ५० अंशांपर्यंत तापतो, त्या उष्णतेनं आणि आम्लानं बियातला कोंब मरतो आणि मगच चॉकलेटच्या चवीची घडण सुरू होते. म्हणून वाळवलेल्या कोकोची पोती जहाजांतून जगभर जातात, पण त्यांतल्या एकाही दाण्यातून झाड उगवत नाही. नव्या मुलखात कोको लावायचा तर ताजी फळं किंवा जिवंत रोपंच न्यावी लागतात.