रेघ धरणारे पोलाद

चिंचपोकळी स्टेशनातून पूर्वेला उतरून घोडपदेव ओलांडले की रे रोड, आणि त्याला लागून दारूखाना. जुनी जहाजे तोडून निघालेल्या लोखंडाचा हा बाजार. इकडे गिरणगावात गिरण्यांची फिटरखाती होती, परळला 1879 मध्ये जीआयपी रेल्वेचा कारखाना निघाला. हाताने सुरी घडवणाऱ्याला पोलाद निवडायला याहून श्रीमंत मुलूख कुठला? अडचण एकच. त्यात काय मिसळले आहे, हे भंगारावर लिहिलेले नसते.

पोलादाच्या पारखीत मुंबईचे नाव मात्र गिरण्यांच्याही आधीचे आहे. 1794 च्या सुमारास मुंबईतले कंपनी सरकारचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे ‘वूट्झ’ पोलादाचे नमुने धाडले. पाच इंच व्यासाच्या, इंचभर जाडीच्या, दोन पौंडांहून थोड्या जड अशा गोल वड्या. हे पोलाद लेथवर लोखंड कापायला, दगड घडवायला, छिन्न्या, कानशी आणि करवतींना वापरतात, असे त्यांनी कळवले. किंचित लाल तापापलीकडे ते टिकत नाही, त्यामुळे लोहारांचा जीव मेटाकुटीला येतो, हेही सांगायला ते विसरले नाहीत.

जॉर्ज पिअर्सन यांनी 1795 मध्ये त्यावर प्रबंध वाचला आणि मथळ्यातच हे पोलाद मुंबईत बनते असे लिहून टाकले. खरे तर त्याच्या भट्ट्या म्हैसूर, सेलम, तेलंगण अशा दक्षिणेकडच्या मुलखात होत्या. मुंबईकडे होते ते बंदर. पुढे लंडनचे सुरीकार जेम्स स्टोडार्ट यांनी वूट्झची पाती घडवली आणि मायकेल फॅरडे यांच्याबरोबर पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोगही केले.

वूट्झच्या पात्यावर जी नागमोडी जाळी दिसते, ती त्यातल्या कार्बाइडच्या थरांची. धारेला समांतर धावणारी धुरकट रेघ निराळी; ती पाणी देताना उमटते. जपानी कारागिरांनी ती कळसाला नेली. पात्याच्या पाठीला ते मातीचा जाड लेप देतात, धार जवळजवळ उघडी ठेवतात आणि तापलेले पाते पाण्यात बुडवतात. धार क्षणात थंड होऊन कठीण बनते. लेपाखालची पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. दोन्हींच्या सीमेवर रेघ येते. घासून, सौम्य आम्ल लावले की ती डोळ्यांत भरते.

पण त्यासाठी पोलाद उथळ कडक होणारे हवे: कार्बन भरपूर, मँगेनीज अगदी थोडे, क्रोमियम जवळजवळ नाहीच. ट्रकच्या कमानीचा पाटा इथेच नापास होतो. त्यात मँगेनीज असते, अनेकदा सिलिकॉन किंवा क्रोमियमही. ही द्रव्ये पोलाद खोलवर कडक करतात, लेपाखालची पाठही धारेबरोबर कडक होते आणि रेघ विरून जाते. तरी रस्त्याकडेला भाता आणि ऐरण मांडून बसणारा घिसाडी कोयत्यासाठी पाटाच उचलतो, आणि त्याचे बरोबरच आहे. नारळ फोडणाऱ्याला, ऊस तोडणाऱ्याला पाते तुटायला नको असते. कोयत्यावर कोणी नक्षी शोधत नाही.

रेघ हवी असेल तर भंगारातला चांगला उमेदवार म्हणजे झिजलेली जुनी कानस. चांगल्या कानशीत कार्बन एक टक्क्याच्या वर असतो. गिरण्यांच्या फिटरखात्यांत कानस हे रोजचेच हत्यार होते. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर एकेक गिरणी थंडावली आणि त्या खात्यांमधली हत्यारेही भंगाराच्या वाटेला लागली.

कानस म्हटली की पोलाद चांगलेच, असेही नाही. काही स्वस्त कानशी मऊ लोखंडाच्या असतात आणि फक्त वरची साल कार्बन देऊन कडक केलेली असते. दाते घासून काढले की साल गेली, मग पाणी काय धरणार? म्हणून जाणता माणूस आधी तिचा एक तुकडा तापवून पाण्यात बुडवतो आणि हातोडीने तोडून बघतो. मोड सगळीकडे सारखी, बारीक रव्याची आणि राखाडी निघाली तर कानस भट्टीत जाते. कडेला बारीक आणि आत भरड, चकाकती दिसली, तर परत भंगारात.