स्वस्त आरोग्यसेवेचा हिशेब: मांडवा ते पोलादपूर

गावातल्याच एखाद्या स्त्रीला बेताचे प्रशिक्षण आणि औषधांची पेटी देऊन तिच्याकरवी प्राथमिक आरोग्यसेवा पुरवावी, या कल्पनेचे समर्थन भारतात प्रारंभापासून दोन मुद्द्यांवर होत आले: ही सेवा लोकांच्या जवळची असते आणि ती स्वस्त असते. पहिला मुद्दा गेल्या पन्नास वर्षांत वारंवार सिद्ध झाला. दुसऱ्याची तपासणी मात्र क्वचितच झाली, कारण हा हिशेब बहुधा शासनाच्या किंवा संस्थेच्या खर्चाच्या वहीतूनच मांडला गेला आणि त्या वहीत न चढलेला सेविकेचा वेळ, तिची पायपीट व तिच्या घरच्यांनी उचललेला कामाचा भार यांना खर्च मानण्याची कोणास गरज वाटली नाही. दक्षिण रायगडातील महाड आणि पोलादपूर हे तालुके या तपासणीला विशेष सोयीचे आहेत. तिथे एका बाजूला रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे, तर दुसऱ्या बाजूला सह्याद्रीच्या उतारांवर विखुरलेल्या वाड्या आहेत, जिथे पुष्कळ घरांतील कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला राहत आले आहेत.

रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पूर्वी कुलाबा होते आणि या विषयातील एक महत्त्वाचा प्रयोग त्याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात, १९७० च्या दशकात झाला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील प्लास्टिक सर्जन डॉ. नोशिर अंतिया यांनी सुमारे तीस गावांमध्ये अर्धवेळ काम करणाऱ्या गावकरी स्त्रियांकडे क्षय, कुष्ठरोग, लसीकरण आणि बाळंतपणाच्या काळजीची कामे सोपवली. अल्पशिक्षित स्त्रिया ती उत्तम रीतीने पार पाडतात असे दिसून आले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाचा अनुभवही असाच होता. तिथे गावोगाव परिचारिका नेमण्याचा मूळ बेत फसला आणि त्यांच्या जागी गावांनीच निवडलेल्या स्त्रिया आल्या. मांडव्याचा प्रयोग १९८३ मध्ये बंद पडला, आणि त्याचे कारण पैशाच्या टंचाईपेक्षा स्थानिक हितसंबंधांचा विरोध हे होते. त्यामुळे खर्चाच्या कोणत्याही कोष्टकात न बसणारी एक बाब उघड झाली: आपले आरोग्य आपल्या हाती घेणाऱ्या गावकऱ्यांमुळे ज्यांचे महत्त्व कमी होते त्यांची नाराजी हीदेखील या व्यवस्थेची एक किंमत असते. अंतियांच्या फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेने पुढे पुरंदर तालुक्यातील परिंचे येथे हेच काम नव्याने उभारले.

शासनाने ही कल्पना देशभर नेली ती २ ऑक्टोबर १९७७ रोजी. श्रीवास्तव समितीच्या १९७५ मधील शिफारशींचा आधार घेऊन आणि आरोग्यमंत्री राजनारायण यांच्या पुढाकाराने आलेल्या या योजनेत हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य कार्यकर्ता नेमायचा, त्याला तीन महिन्यांचे प्रशिक्षण द्यायचे, दरमहा ५० रुपये मानधन आणि ५० रुपयांची औषधे पुरवायची, असे ठरले. यातून वर्षाला १,२०० रुपये, म्हणजे दरडोई १ रुपया २० पैसे, एवढा चालू खर्च निघतो आणि त्यातील कार्यकर्त्याच्या श्रमाचा वाटा दरडोई ६० पैसे ठरतो. एवढ्या रकमेत तो पूर्णवेळ काम करील अशी अपेक्षा नव्हती. इतर व्यवसाय सांभाळून दिवसाचे दोन-तीन तास त्याने द्यावेत असे गृहीत होते. पण हे दोन-तीन तास सपाट प्रदेशातील एकसलग गावाच्या मापाने कल्पिले गेले होते, पोलादपूरसारख्या तालुक्यातील एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर जाताना ओढा आणि खिंड ओलांडावी लागते, हे त्या मापात बसत नव्हते. शिवाय निवड बव्हंशी पुरुषांची झाली, आणि ज्या भागात शिकलेला पुरुष गिरणी किंवा गोदीच्या कामासाठी मुंबईस जातो तिथे असा कार्यकर्ता टिकावा कसा, याचा विचार दिल्लीत झालेला दिसत नाही. ‘ग्राम आरोग्य मार्गदर्शक’ असे नामांतर होऊन ही योजना कागदावर दीर्घकाळ राहिली, परंतु मानधन कित्येक वर्षे त्याच ५० रुपयांवर थांबले आणि २००२ मध्ये केंद्राने निधी थांबवला. चीनमधील ‘अनवाणी डॉक्टर’ ही व्यवस्था, जिचा दाखला त्या काळी वारंवार दिला जाई, तिचा मोबदला सामुदायिक शेतीच्या श्रमगुणांतून मिळत असे आणि १९८० च्या दशकात सामुदायिक शेती मोडताच तीही कोसळली. म्हणजे तिथेही सेवा स्वस्त नव्हती, तिचा खर्च दुसऱ्या एका खात्यावर पडत होता, इतकेच.

महाड तालुक्यात या काळात जे घडले ते खर्चाचा विचार वेगळ्या बाजूने करायला लावते. आज औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने हृदयक्रिया बिघडून होणारे मृत्यू तेव्हा कोकणात नित्याचे होते. बावस्करांनी रुग्णांच्या खाटेपाशी बसून केलेल्या निरीक्षणांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि रक्तदाबावरील प्राझोसिन या गोळीचा उपयोग त्यांनी १९८० च्या दशकात प्रस्थापित केला. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण त्यामुळे जवळपास शेकडा एकवर आले. गोळी अल्प किमतीची आणि तोंडाने घेण्याजोगी होती. महाग होते ते वाडीपासून गोळीपर्यंतचे अंतर, रात्री डोलीतून रुग्ण खाली आणणाऱ्या माणसांचे श्रम आणि वाया गेलेले तास. औषध स्वस्त झाल्याने उपचार स्वस्त होतोच असे नाही. तो वेळेत देऊ शकणारे प्रशिक्षित माणूस जवळ असावे लागते.

अशा माणसाच्या कामाचे मोल सर्वांत काटेकोरपणे मोजले गेले ते गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांकडून नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले आणि एका बालकामागे ५.३ अमेरिकी डॉलर खर्च आला. या आकड्याचा जगभर गवगवा झाला, पण त्यामागची सततची देखरेख आणि दीर्घ प्रशिक्षण तितक्या प्रमाणात कोणी उचलले नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाले आणि त्यातून ‘आशा’ ही गावपातळीवरील स्वयंसेविका आली. गडचिरोलीची पद्धत २०११ पासून तिच्या कामात समाविष्ट झाली तेव्हा दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ४२ दिवसांत सहा भेटींसाठी २५० रुपये, म्हणजे भेटीमागे सुमारे ४२ रुपये, असा दर ठरला.

हा दर कामावर आधारित मोबदल्याचा, म्हणजे प्रत्येक बाबीसाठी स्वतंत्र रक्कम देण्याच्या पद्धतीचा, नमुना आहे आणि महाड-पोलादपूरच्या डोंगरात त्याची विसंगती लख्ख दिसते. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी सुमारे १५ आहे असे धरले, तर हजार वस्तीच्या आशेला या कामातून वर्षाला ३,७५० रुपयांच्या आसपास मिळू शकतात. तरुण जोडपी मुंबई-पुण्याला गेलेल्या वाड्यांत जन्म त्याहून कमी होतात, तर दोन घरांमधले अंतर मात्र अधिक असते. डोंगराळ भागात हजाराचा निकष शिथिल करून वस्तीनिहाय आशा नेमण्याची मुभा मार्गदर्शक सूचनांत आहे, पण त्यामुळे चालणे कमी होते तशा मोबदल्याच्या बाबीही कमी होतात. जिथे श्रम जास्त तिथे कमाई कमी, हे या दरपत्रकाचे अटळ फलित होय. मागे राहिलेल्या वृद्धांना मधुमेह आणि रक्तदाबासाठी जी नियमित देखभाल लागते, तिच्यासाठी रुग्णामागे सहा महिन्यांना ५० रुपये ठेवले गेले. दरपत्रकाचा गाभा माता आणि बालक हाच राहिला, गाव मात्र म्हातारे होत गेले. केवळ किंवा मुख्यत्वे कामाच्या बाबींवर मोबदला बेतू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये केली. त्याच वर्षी केंद्राने नियमित कामांसाठीची मासिक रक्कम १,००० वरून २,००० रुपये केली. महाराष्ट्रातील सुमारे सत्तर हजार आशांच्या मोबदल्यात पुढे जी भर पडली तिच्यामागे जून २०२१ आणि ऑक्टोबर २०२३ मधील संप होते. दुसऱ्या संपानंतर आझाद मैदानावरील आंदोलन झाले आणि मार्च २०२४ मध्ये राज्याने दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. म्हणजे जो खर्च दशकानुदशके वहीबाहेर होता तो वहीत आणण्याचे काम अर्थतज्ज्ञांनी नव्हे, तर त्या स्त्रियांनीच केले.

औद्योगिक वसाहतीत आरोग्याचा खर्च कोणी सोसायचा याचे उत्तर कायद्याने वेगळे दिले आहे. भोपाळच्या १९८४ मधील दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराची कामावर नेमण्यापूर्वी व त्यानंतर निदान वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करणे, त्याच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे ही जबाबदारी मालकावर आली. म्हणजे धोका ज्याच्या व्यवसायातून निर्माण होतो त्याच्याच खात्यावर त्याचा खर्च टाकण्यात आला. हे तत्त्व कारखान्याच्या फाटकापाशी संपते. सावित्रीच्या आणि काळ नदीच्या खोऱ्यातील जी गावे वसाहतीभोवती आहेत, त्यांतील ज्यांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही अशांची नोंद करण्याचे काम पुन्हा आशेकडेच येते. तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीसाठी तिला जे मूल्यांकन प्रपत्र भरावे लागते, त्यात श्वसनविकाराच्या धोक्याखाली धूर, वायू आणि धूळ असलेल्या उद्योगात काम केले आहे काय, असा एक प्रश्न आहे. उदाहरणे दिली आहेत ती वीटभट्टी आणि काचकारखान्याची, शेजारी राहणाऱ्याविषयी त्यात विचारणा नाही, आणि संपूर्ण प्रपत्र भरण्याचा दर १० रुपये आहे.