पोथीची दूरची प्रत

काशीच्या दक्षिणेकडील घाटांवरून गंगेपलीकडे दृष्टी टाकली, म्हणजे रामनगरचा किल्ला दिसतो. काशीनरेश बलवंतसिंहांनी अठराव्या शतकात तो बांधला. तेथील रामलीलेची कीर्ती दूरवर गेली. त्याच किल्ल्यातील सरस्वती-भांडार या ग्रंथसंग्रहाचे नाव मात्र पंडितांच्या वर्तुळाबाहेर फारसे गेले नाही.

ग्रंथ जमविणे निराळे आणि ते टिकविणे निराळे, हे काशीने पूर्वीच अनुभविले होते. गोदातीरचे कवींद्राचार्य सरस्वती शहाजहानच्या काळी काशीस राहत. यात्रेकरूंवरील कर बादशहाकडून माफ करविणारे संन्यासी ते हेच. त्यांच्या संग्रहाच्या सूचीत २,१९२ नोंदी आहेत. त्यांच्या पश्चात तो संग्रह फुटला. काही पोथ्या बिकानेरच्या राजग्रंथालयात पोहोचल्या. पानांवरील कवींद्राचार्यांच्या नावाने त्या ओळखू येतात. सूची १९२१ साली बडोद्यास छापली गेली. ग्रंथालय गेले आणि त्याची यादी उरली!

तंजावरचे सरफोजीराजे भोसले यांनी निराळी वाट धरली. १८२० च्या सुमारास ते काशीयात्रेस गेले, तेव्हा तेथील पोथ्यांच्या नकला करवून त्यांनी तंजावरच्या सरस्वती महालात ठेविल्या. काशीहून गंगोदकाचे गडू सारेच आणतात. या राजाने ग्रंथ आणिले. काशीत वाळवी लागो की आग, शेकडो कोस दूरच्या प्रतीला त्याची झळ पोहोचणार नव्हती. आजचे विद्यापीठीय विभाग आपल्या संगणकीय माहितीची प्रत परगावी ठेवतात, ती याच हिशेबाने.

अशा विखुरलेल्या प्रतींचे खरे मोल रामनगरलाच प्रत्ययास आले. महाराज विभूतिनारायणसिंहांच्या प्रेरणेने स्थापिलेल्या अखिल भारतीय काशिराज न्यासाने पुराणांच्या चिकित्सक आवृत्त्यांचे काम हाती घेतले आणि १९५९ पासून ‘पुराण’ हे नियतकालिक काढले. एकाच पोथीवरून उतरविलेल्या दहा प्रती मूळची चूक दहा वेळा सांगतात. जिची परंपरा निराळी, अशी दूर प्रांतातील एखादी प्रतच ती चूक उघड करते. म्हणून ठिकठिकाणच्या पोथ्या मिळवून श्लोकाश्लोकाची ताडणी करावी लागे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारतासाठी १९१९ ते १९६६ या काळात हेच कष्ट उपसले होते. रामनगरहून १९६७ साली आनंदस्वरूप गुप्त यांनी संपादिलेले वामनपुराण बाहेर पडले. पुढे कूर्म आणि वराह ही पुराणेही आली. संपादकांनी संहितेत न घेतलेले पाठभेद या आवृत्त्यांत तळाशी नोंदलेले आहेत.