हत्तींच्या बेटावर

अंदमानला जाणारा मराठी प्रवासी बहुधा सेल्युलर जेलच्या ओढीने जातो. सावरकर १९११ ते १९२१ या काळात तिथे होते. आपल्यासाठी ते तीर्थक्षेत्रच. दुसऱ्या दिवशी बोटीने तो ईशान्येकडच्या हॅवलॉक बेटावर उतरतो आणि त्याला वाटते, इतिहास मागे राहिला, आता फक्त निसर्ग! पांढरी वाळू, भरतीच्या रेषेपर्यंत आलेले उंच जंगल; तोंडाला नळी लावून पाण्यात डोके घातले, की प्रवाळांवर फिरणारे रंगीत मासे.

पण श्रोतेहो, याही किनाऱ्याला इतिहास आहे.

नावापासूनच पाहा. हेन्री हॅवलॉक हा १८५७ च्या उठावाविरुद्ध लढलेला इंग्रज सेनापती. त्या उठावातले कैदी १८५८ मध्ये ज्या अंदमानात आणले, तिथल्याच एका बेटाला त्याचे नाव मिळाले. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. त्याच्या पंचाहत्तराव्या वर्षी, २०१८ मध्ये, हॅवलॉकचे स्वराज द्वीप झाले. पोर्ट ब्लेअरही २०२४ पासून श्री विजयपुरम आहे.

गावांची नावे मात्र वेगळीच गोष्ट सांगतात: गोविंदनगर, कृष्णनगर, राधानगर. फाळणीत घरदार गमावलेल्या पूर्व बंगालमधल्या कुटुंबांना १९५० च्या दशकात इथे जमिनी मिळाल्या. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम म्हणून गौरवलेला राधानगरचा किनारा हा या निर्वासितांच्या गावाचा किनारा आहे.

आणि जंगल? तेही अस्पर्श नाही. अंदमानात १८८३ मध्ये वनखाते सुरू झाले आणि चॅथमची सॉ मिलही. पडौक, गर्जन यांचे प्रचंड ओंडके किनाऱ्यापर्यंत ओढायला मुख्य भूमीवरून जहाजाने हत्ती आणले. हे हत्ती समुद्रात पोहायला शिकले. त्यांतला राजन हॅवलॉकलाच राहिला. पर्यटकांसमोर पोहणारा हा हत्ती २०१६ मध्ये वारला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये नैसर्गिक जंगलातल्या व्यापारी लाकूडतोडीला आळा घातला. म्हणजे आज एलिफंट बीचकडे जाताना आपण ज्या सावलीतून चालतो, तिला मिळालेली विश्रांती अगदी अलीकडची आहे.

पाण्याखालची गोष्ट अधिक नाजूक. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात पोर्ट ब्लेअरची जमीन सुमारे मीटरभर खचली, तर उत्तर अंदमानचे काही किनारे वर उचलले गेले. तिथले प्रवाळ उघडे पडून उन्हात मेले. २०१० च्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि अंदमानातले बरेच प्रवाळ पांढरे पडले. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, तर इवल्या जिवांनी बांधलेली वसाहत. तिचे मोठे खडक वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. आपल्या पायाच्या एका धक्क्याने कित्येक वर्षांचे बांधकाम मोडते.

तोडलेले जंगल काही दशकांत आपल्याला सावली देऊ लागते. प्रवाळांना तेवढी सवड तापता समुद्र देईल का, हे सांगता येत नाही. निदान पाण्यात उतरताना त्यांच्यावर पाय ठेवू नये आणि शोकेससाठी तुकडा उचलू नये. २००१ पासून प्रवाळांना वाघाइतकेच कायद्याचे संरक्षण आहे. सेल्युलर जेलच्या भिंतीवर आपण नाव कोरत नाही, तोच आदर इथेही दाखवायला हवा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)