कानातली गुणगुण लपवू नका

बाहेर सगळं शांत असतं, तरी कानात गुणगुण चालूच. हा त्रास आजचा नाही. युरोपातला थोर संगीतकार बीथोव्हेन व्हिएन्ना शहरात राहायचा. १८०१ साली त्याने वेगेलर या डॉक्टर मित्राला पत्रातून कळवलं, की कान रात्रंदिवस गुणगुणतात, ऐकूही कमी येतं. पण संगीतकाराने ‘मला ऐकू येत नाही’ हे चारचौघांत सांगायचं कसं? म्हणून जवळजवळ दोन वर्षं तो माणसांत जाणंच टाळत होता. पुढे ऐकणं बहुतेक गेलं, तरी १८२४ मध्ये त्याची नववी सिम्फनी लोकांसमोर आली. गुणगुणीपेक्षा लपवण्यानेच तो एकटा पडला. आपण लपवू नये. कधी कारण नुसता साचलेला मळही असतो. कानात तेल, पिन घालू नका. गटात बोला, आरोग्य केंद्रात कान दाखवा.